पाच पायऱ्या आणि चार वाजताचा चहा

आमचं लग्न झालं आणि पाचव्या दिवशी आम्ही विमानात होतो. हळद अजून नखांत होती. इस्लामपुरात माहेरच्या चौकात आमचा फ्लेक्स लागला होता: आम्हा दोघांचे फोटो, मागे आयफेल टॉवर आणि खाली शुभेच्छुकांची रांग. आम्ही चाललो होतो नेदरलँड्सला, नवऱ्याच्या नोकरीसाठी. पण निम्म्या शुभेच्छुकांना मीही माहीत नव्हते, तिथे देशाचा आग्रह कशाला धरायचा.

या घाईत एक गोष्ट राहून गेली. नवऱ्याचं गाव वडूज. त्यांच्या घरच्या रीतीप्रमाणे लग्नानंतर जोडीनं जेजुरीला जायचं आणि नवऱ्यानं बायकोला उचलून गडाच्या पहिल्या पाच पायऱ्या चढायच्या. व्हिसा देणाऱ्यांना खंडोबा माहीत नव्हता, त्यामुळे ते झालं नाही. निघताना सासूबाईंनी, म्हणजे मी ज्यांना आत्या म्हणते त्यांनी, पदर खोचून जाहीर केलं, "जोडीनं देवाची पायरी चढल्याबिगर मी चहाला शिवणार न्हाई."

आम्हाला वाटलं, बोलायची पद्धत. आत्या दिवसाला सहा कप घेणाऱ्या. पहिला कप झाल्याशिवाय त्या देवाशीही फारसं बोलत नसत, आणि चार वाजताचा कप चुकला तर घरातले सगळे जमेल तेवढे मळ्यात थांबत. पण महिनाभरानं सासऱ्यांचा निरोप आला. ते सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे निरोपही तसाच: "घरात चहा बंद. तिची डोकेदुखी चालू. मी स्टँडवर जाऊन पितो. तिला सांगू नये."

आम्ही घाबरून फोन लावला. कपाळाला पट्टी बांधून आत्या पडद्यावर आल्या. शेजारी बांगड्यांची टोपली घेऊन चाची बसल्या होत्या. वडूजच्या निम्म्या हातांत चाचींच्या बांगड्या असतात आणि निम्म्या भांडणांत त्यांचा निवाडा.

"आवं आत्या, पहिलं वर्षभर रजा मिळत नाही. तोवर चहा सोडून कसं चालंल?" मी म्हणाले.

"मग तितं डोंगूर न्हाई का? देव न्हाई का?"

"देव आहे, पण आपला नाही," नवरा म्हणाला.

यावर चाचींनी टोपली बाजूला सारली. "आरं, तुजी आय दर सालाला आमच्या पिराला नारळ वाढवती. पिरानं कवा इचारलं का, बाई तू कोन म्हून? डोंगरावर बसलेला देव लांबचं बघतो. कुटला बी चालंल."

निवाडा झाला. अटी आत्यांनी घातल्या: देव वर पाहिजे, पायऱ्या खालनं पाहिजेत, आणि चढताना फोनवर दिसलं पाहिजे.

आता हे नेदरलँड्सला राहून करायचं होतं. तो देश वडूजच्या खळ्यासारखा सपाट. आमच्या भागातला सर्वात उंच चढ म्हणजे सायकलींचा पूल. म्हणून आम्ही शनिवार-रविवार बाहेरचे देश धुंडाळायला लागलो. बाकीची मराठी जोडपी फिरायला जात आणि सोमवारी त्यांच्या फोटोंत लाल कोट, कॉफीचा कप आणि 'संस्कृतीशी संवाद' वगैरे मजकूर येई. आम्ही फक्त पायऱ्या बघत होतो.

खरं सांगायचं तर ते दिवस वेड्यासारखे गेले. लग्नाआधी आम्ही एकमेकांशी एकूण चार वेळा बोललो होतो, त्यातल्या दोनदा दोन्हीकडचे मामा समोर बसलेले. आता शुक्रवारी संध्याकाळी पाठीला पिशव्या लावून पळत बस पकडायची, एकाच इअरफोनच्या दोन बाजू वाटून गाणी ऐकायची, सीमा कधी ओलांडली ते मोबाइलच्या मेसेजवरून कळायचं. बस बेल्जियममध्ये शिरली की तो म्हणे, "आला बेल्जियम, काढ भाकरी." प्रत्येक देशाला आम्ही वडूजची शेंगदाण्याची चटणी दाखवून आलो. तो हसताना आवाज न करता नुसता हलतो, हे मला जर्मनीत कळलं. मी चिडले की आकडे मोजते, हे त्याला लक्झेंबर्गमध्ये.

कोलोनला गेलो. देऊळ असं की मान मोडून बघावं, आणि पायऱ्याही ढीगभर, पण त्या मनोऱ्यात.

"देव कुटं हाय?" आत्या फोनवर.

"खाली. तळमजल्याला."

"मग वर काय हाय?"

"घंटा."

"देवाच्या डोक्यावर बायकू उचलून नाचतोस व्हय रं? उतर खाली."

पुढच्या खेपेला सासऱ्यांनी वॉटर्लू सुचवलं. रणांगण आहे, बघून या, असा आदेश. तिथे खरोखर डोंगरासारखी उंच टेकडी निघाली, शिडीसारख्या सरळ पायऱ्या, आणि माथ्यावर भला मोठा सिंह. आम्ही हर्षानं फोन लावला. आत्यांनी हात जोडले आणि लगेच सोडले.

"सिंव्ह हाय. देवी कुटाय?"

"देवी नाही, आई. नुसता सिंह."

"वाहन हाय आन् देवी न्हाई, आसं कसं? गेली आसंल कुटं. थांबा जरा."

आम्ही देवीची वाट बघत वीस मिनिटं थांबलो. म्हणजे आत्या थांबल्या, फोन चालू होता, आणि आम्हा दोघांना 'ती येणार नाही' हे सांगायचा धीर होईना. शेवटी सासरे मागून ओरडले, "लढाईचं स्मारक हाय ते! देवी न्हाई यायची!" आत्यांनी फोन ठेवला. त्या संध्याकाळी त्यांची डोकेदुखी वाढली असा निरोप आला, आणि आमचं हसणं बंद झालं.

तेव्हा पहिल्यांदा मला आतून टोचलं. आम्ही मजा करत होतो आणि तिकडे एक बाई आमच्या संसाराखातर चार वाजता रिकामी बसत होती.

मग शोधताशोधता सापडलं पोर्तुगाल. ब्रागा नावाच्या गावाबाहेर डोंगर, डोंगरावर चर्च, आणि खालून वरपर्यंत पांढऱ्या भिंतींच्या वळणदार पायऱ्या. लोक तिथे गुडघ्यांवर चढत जातात, असंही वाचलं. चाचींना फोटो पाठवला. उत्तर आलं, "ह्यो खरा."

घरी सराव सुरू झाला. नवरा म्हणजे जोंधळ्याचं ताट: उंच, सरळ आणि वाऱ्यानं हलणारा. मी उसाच्या गावची, शाळेत कबड्डी खेळलेली, वाढ्याचा, म्हणजे उसाच्या शेंड्यांचा, भारा डोक्यावर घेऊन बांधावरून चाललेली. तो मला उचलून स्वयंपाकघरापासून दारापर्यंत यायचा आणि दारात ठेवायचा, म्हणजे सोडायचा. आठवड्याभरानं खालच्या मजल्यावरच्या आजोबांची नम्र चिठ्ठी आली: रोज संध्याकाळी सात वाजता आपण काय पाडता?

पोर्तुगालला उतरलो. विमानात वरच्या कप्प्यातून पिशवी काढताना नवरा "आई गं" म्हणाला आणि काटकोनात राहिला. कमरेत उसण भरली होती. पिशवीत चटणी होती, दीड किलो. आत्यांनीच पाठवलेली.

तो तसाच वाकून ब्रागापर्यंत आला. तिथे साडेअकरा, म्हणजे वडूजला चार. फोन लावायची ठरलेली वेळ. पायथ्याशी उभे राहून आम्ही वर बघत होतो. पाच पायऱ्या. कोपऱ्यावर रुळांवरून डोंगर चढणारा जुना पाळणा होता, तो चालवणारा माणूस वाकलेल्या नवऱ्याकडे बघून 'या, या' अशा खुणा करत होता.

"उद्या बघू," मी म्हणाले.

"उद्या सकाळचं विमान आहे. आई चार महिने थांबलीये. तू बस माझ्या पाठीवर."

"तू स्वतःच्या पाठीवर नीट बसत नाहीस."

फोन वाजला. आत्याच. मागे चाची, त्यांच्यामागे सासरे, दोन शेजारणी. "चला, चढा. काय झालंय? वाकलास का रं?"

सांगावं लागलं. आत्यांनी तोंड फिरवलं. रागवल्या नाहीत, नुसती कपाळावरची पट्टी जरा घट्ट केली. तेवढं मला पुरलं.

मी फोन त्याच्या हातात दिला, ओढणी कमरेला बांधली आणि त्याच्यापुढे खाली बसले. "ये पाठकुळी."

"वेडी आहेस का? लोक बघतायत."

"लोक गुडघ्यांवर चढतायत. त्यांचं कुणी बघतंय का?"

तो चढला. वाढ्याच्या भाऱ्याहून हलका, पण जास्त बोलणारा. "हळू. डावीकडे. फोन हलतोय. आई, दिसतंय का?" पहिली पायरी. दुसरी. पाळण्यावरचा माणूस टोपी काढून उभा राहिला. गुडघ्यांवर चढणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईनं थांबून आम्हाला वाट दिली. तिसऱ्या पायरीवर पाठीवरचा माणूस आवाज न करता हसायला लागला, आणि तो हलला की मी हलत होते. चौथीला मलाही हसू आवरेना. पाचव्या पायरीवर आम्ही पोहोचलो म्हणण्यापेक्षा सांडलो. फोन आभाळाकडे तोंड करून पडला आणि त्यातून आवाज आला, "येळकोट येळकोट जय मल्हार!" तो सासऱ्यांचा होता, परेडला शोभणारा.

मी फोन उचलला. धाप लागलेली. "आत्या, उलटं झालं. चालंल का?"

आत्या चाचींकडे बघू लागल्या. चाची गंभीर होत्या. "पायऱ्या किती व्हत्या?"

"पाच."

"जोडी व्हती का?"

"होती."

"मग कुनी कुनाला उचाललं ते देव कशाला बघंल? त्येला काय वजनकाटा लावायचाय?"

आत्यांनी कपाळावरची पट्टी सोडली. मग म्हणाल्या, "जेजुरीला आल्यावर सरळ करायचं. तवा ह्यो उचलंल. तवर ह्याला खायला घाल गं पोरी." आणि उठून गेल्या. फोन चाचींच्या टोपलीला टेकवलेला राहिला. आम्हाला बांगड्या दिसत होत्या आणि ऐकू येत होता स्टोव्हचा आवाज, मग डब्याचं झाकण, मग आलं ठेचल्याचा आवाज.

आम्ही पोर्तुगालच्या पायरीवर बसून वडूजचा चहा उकळताना ऐकत होतो. आत्या परत आल्या, बशीत ओतला, फुंकर मारली आणि डोळे मिटून पहिला घोट घेतला.

"कसा झालाय?" मी विचारलं.

"साकर जास्त झालीया," त्या म्हणाल्या. "हात इसरला." आणि बशी पुन्हा भरली.

सासऱ्यांचा निरोप आम्ही खाली उतरेपर्यंत आला: "घरात चहा सुरू. स्टँड बंद."