म्हाळसाबाईनं नवऱ्याला दिलेली बहीण

सोनारीच्या म्हाळसाबाईनं नवऱ्यासाठी दुसरी बायको स्वतःच शोधून आणली, तेव्हा गावानं तिच्या मोठ्या मनाचं कोण कौतुक केलं! खरी गोष्ट एवढीच, की तिला मूल नव्हतं आणि ‘आई’ म्हणणारं कुणीतरी तिला घरात हवं होतं. म्हणून तिनं परंड्याकडची विधवा बानूबाई निवडली, कडेवर तान्ही अयोध्या असलेली. सवतीचं मूल ते आपलंच, असा साधा हिशेब. म्हाळसा आणि बानू, खंडोबाच्याच दोघी! नावं जुळल्यावर धनगरवाड्यात पत्रिका कोण बघतो?

म्हाळसाबाईच्या नवऱ्याला, श्रीमंताला, मेंढरांपलीकडं काही कळत नाही असा समज होता. पण गड्यानं गुपचूप स्वतःला नवा फेटा आणि नवरीला हिरवं लुगडं आणून ठेवलं.

बानूबाईचा भाऊ तिला आधीच आणून सोडून मोकळा झाला. आणि मोहतुराच्या, म्हणजे विधवेच्या दुसऱ्या लग्नाच्या, ऐन तोंडावर शाळेचे राघवेंद्र मास्तर आडवे आले. मराठवाडा नुकताच मुंबई राज्यात गेला होता.

“नवा कायदा झालाय. एक बायको असताना दुसरी केली, तर तुरुंग.”

“निजामाच्या वक्ताला कुनी इचारत न्हवतं,” म्हातारे महांतप्पा कडाडले. “आता सरकार आमच्या चुलीम्होरं येऊन बसनार व्हय?”

“बसलंय, काका,” मास्तर म्हणाले.

लग्न मोडलं. श्रीमंत फुगून मेंढरांमागं गेला. म्हाळसाबाई त्या दिवशी चक्क जास्तीची भाकरी जेवली. सवत टळल्याचा एवढा आनंद होईल हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. पण संध्याकाळी बानूबाई गाठोडं बांधायला बसली. परकी बाई कुठल्या नात्यानं राहणार? भाऊ घेईना, सासर विचारीना. आणि अयोध्या तर म्हाळसाबाईच्या मांडीवरून उतरायला तयार नाही.

“दिवाळीपातुर थांब,” म्हाळसाबाई म्हणाली.

भाऊबीजेला तिनं घोंगडं अंथरलं, नवऱ्याला बसवलं आणि ओवाळणीचं ताट बानूबाईच्या हाती दिलं. सगळा धनगरवाडा बघायला जमला होता.

“हे काय गं?” श्रीमंत दचकला.

“ओवाळून घ्या. भनीला न्हाय म्हनता येत न्हाय.”

बिचाऱ्यानं नव्या फेट्यासकट ओवाळून घेतलं आणि ओवाळणीत ते हिरवं लुगडंच घातलं. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. बानूबाई त्या घरची माहेरवाशीण झाली. आता ना गावाला बोलायला जागा, ना सरकारला.

एक घोटाळा तेवढा झाला होता, आणि तो म्हाळसाबाईच्या ध्यानात ताट खाली ठेवल्यावर आला. नवरा मामा, म्हणजे ती मामी. एवढं सगळं करून ‘आई’ गेलीच की हातची! ती कुणाला काही बोलली नाही, पण ते तिच्या जिवाला लागून राहिलं.

पुढं अयोध्येला बोल फुटले. बानूबाई श्रीमंताकडं बोट दाखवून शिकवायची, “मामा.” एका दुपारी ते बोट चुलीकडं वळलं. नको तो शब्द ऐकायला नको, म्हणून म्हाळसाबाईनं तोंड फिरवलं.

“अन् ही आई,” बानूबाई म्हणाली. “मला नुसतं बानू म्हन.”

पोर ‘आई’ म्हणाली. म्हाळसाबाई तव्यावरची भाकरी तशीच टाकून, कुणाची लाज न धरता, मोठ्यानं रडली.