बोंडे सरांचा मोठा नमुना

संख्याशास्त्राच्या स्टाफरूममध्ये किस्से आपोआप साठतात. कोणी सांगायचं ठरवत नाही. पेपर तपासून डोकं बधिर झालं की एकेक निघतो! आमच्या अकोल्याच्या कॉलेजातले बहुतेक किस्से बोंडे सरांचे. सर अमरावतीहून रोज अप-डाऊन करतात आणि ‘लार्ज सॅम्पल थिअरी’ शिकवतात. मी त्यांचाच विद्यार्थी, आता सहकारी. नमुन्यातली संख्या, म्हणजे ‘एन’, वाढवत नेली की नमुन्याची सरासरी खऱ्या आकड्याजवळ येते, अशी त्या विषयाची सुरुवात. पण पेपर ऐच्छिक, आणि घेणारी मुलं दरवर्षी कमी. कोणीच घेतला नाही तर बंद, असं प्राचार्यांनी सांगून ठेवलेलं. सरांचा जीव त्या पेपरात अडकलेला.

*

तुरीवर संशोधन करणारा एक जण आकडे घेऊन आला. नमुना तीसचा झाला की मोठा, असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं.

“सर, झाडं पंधराच होते. मंग तेच दोनदा लिवले!”

सरांनी चष्मा काढला. “दोनदाच काहून? शंभरदा लिव ना बाप्पा. झाडाले पाणीबी लागत नाही!”

तो खरंच मान डोलवायला लागला. मी चहा मागवला.

*

प्रोजेक्टसाठी एक मुलगी वरूडला जाऊन आली. एकदम खूश! “सर, हजार संत्रे पाह्यले. एकबी सडका नाही!”

“कुठचे पाह्यले?”

“क्रेटमधले, वरवरचे. खालचे काढू देत नाही ना.”

“मंग आता दहा हजार पाह्य,” सर म्हणाले. “चूक अजून पक्की होईल!”

*

एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, एन अनंताकडे जाते म्हणता. परीक्षेपर्यंत पोचते काय?”

“तू पोच. एनचं मी पाह्यतो!”

तो पोचला नाही.

*

गाडीत रोजच्या ओळखीचे एक काका सरांच्या मागेच लागले. “तुमी आकड्यावाले. आमच्या पोरीचं लग्न कधी जमते, सांगा ना!”

सर दिवसभर शिकवून थकलेले. म्हणाले, “हजार पोरींचं सांगतो. तुमच्या एकीचं मले नाही सांगता येत.”

काका पुढच्या स्टेशनपर्यंत बोलले नाहीत. सरांना तेवढीच झोप मिळाली.

*

यंदा पेपर कोणीच घेतला नाही. प्राचार्यांनी टाइमटेबलातून काढून टाकला. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्याच तासाला त्यांच्या वर्गातून खडूचा आवाज आला. डोकावलो, तर रिकाम्या बाकांसमोर सर फळ्यावर सिद्धता लिहीत होते.

“सर, काय करून राहिले?”

“शिकवून राहिलो.”

मी गुपचूप शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. सरांनी वळूनही पाहिलं नाही. फळा भरला, तेव्हा म्हणाले,

“मांगं काहून बसला रे? समोर ये. जागा हाये!”