विरजणाइतकं कोमट

जैनथच्या बसस्टँडसमोर त्याचं मेडिकल आहे. औषध देण्याआधी तो "कोणासाठी?" असं विचारतो आणि मग पाकिटावरचं बारीक अक्षर ओठ हलवत वाचतो. तेवढ्यात माझी बस निघून जाते. आमच्या घरातला पहिला बी.एस्सी. मी, मला त्याचा राग यायचा.

बायको बाळंत झाली. टाक्यांसाठीच्या गोळ्यांनी तिला जुलाब लागले, म्हणून डॉक्टरीणबाईंनी पोटातल्या चांगल्या जंतूंची पुडी लिहून दिली; ती मी याच मेडिकलमधून नेली. चार दिवस झाले तरी फरक नाही. अंगावरचं दूध आटेल या भीतीनं आईनं मला पावडरच्या दुधाचा डबा आणायला धाडलं.

मेडिकलवाल्यानं डबा काढला, पण हातातच धरून ठेवला. "पुडी कशात देऊन राह्यले, भाऊ?"

"कढत पाण्यात. बाळंतिणीला थंड कसं देणार?"

तो हसला नाही. "तुमची माय कढत दुधात विरजण लावते का?"

कॉलेजात तीन वर्षं जंतू शिकलेला मी, चार दिवस पुडीतले जंतू कढत पाण्यात मारत होतो.

त्यानं माझ्या मोबाइलवरून आईलाच फोन लावला. "काकू, पाणी उकळूनच घ्या. फक्त विरजणाइतकं निवू द्या. परवापर्यंत उतार नाही पडला तर डॉक्टरीणबाईकडं न्या." कोणाचं चुकलं, ते तो बोललाच नाही. डबा न घेताच मी घरी गेलो.

तिसऱ्या दिवशी मी बसची वाट पाहत होतो. त्यानं दुकानातूनच तो डबा उचलून दाखवला.

"नको," मी म्हणालो, "पोरगी पोटभर पिऊन राह्यली."

त्यानं डबा परत फळीवर ठेवला आणि पुढच्या गिऱ्हाइकाला विचारलं, "कोणासाठी?"