दोन व्याही आणि टपालाची सायकल

डेपोत त्याला सगळे डबलडेकर म्हणत. अगदी तोंडावर म्हणत, आणि तोही हाकेला ओ देई. शहरातल्या बसेस सगळ्या एकमजली, त्यामुळे डबलडेकर म्हणजे तोच, यात कधी घोटाळा झाला नाही. उभा जन्म बस चालवण्यात गेला होता. पूर्वी पोट आणि स्टीअरिंग यांच्यामधून त्याचा हात सहज जायचा, मग नुसती बोटं जाऊ लागली, आणि अलीकडे तर वळण घेताना शर्टाचं मधलं बटण चाकाला घासून तुटायचं. बायको ते बटण पुन्हा लावून द्यायची आणि अवाक्षर काढायची नाही. ती बोलत नाही, याचाच त्याला जास्त धाक वाटे.

शेवटी बोलली ती डॉक्टरीणबाई. ड्रायव्हर लोकांची दरवर्षी तपासणी होते, त्या वेळी तिने त्याच्या दंडाला पट्टा बांधला, सोडला, पुन्हा बांधला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"प्रेशर वाढलंय. साखर उंबरठ्यावर येऊन बसलीये. सहा महिन्यांनी मी परत बघणार. असंच राहिलं तर गाडी काढून घ्यावी लागेल तुमची. चौकशीच्या खिडकीत बसाल."

चौकशीची खिडकी म्हणजे काय, ते त्याला ठाऊक होतं. एकच प्रश्न दिवसभर ऐकायचा, 'गाडी कधी सुटणार?', आणि गाड्या मात्र दुसऱ्यांनी सोडायच्या.

"चाला म्हणावं तर तुमचे गुडघे हे असे," ती म्हणाली. "सायकल चालवा. भार सीटवर पडतो, गुडघ्यांना आराम. येते ना सायकल?"

"येते की," तो म्हणाला.

येत नव्हती. आख्खी भरलेली बस पावसात अरुंद पुलावरून मागे घेणाऱ्या या माणसाला सायकल येत नव्हती. लहानपणी मामेभावाच्या नव्या सायकलवर बसला, तर मागचं चाक वाकडं झालं. गल्ली हसली, मामेभाऊ रडला, आणि त्याने त्या दिवशी सायकलचं नाव टाकलं ते टाकलंच. बायकोलासुद्धा हे ठाऊक नव्हतं. तपासणीच्या त्या संध्याकाळी जेवताना त्याने ते तिला सांगितलं.

"इतकी वर्षं संसार केला आणि हे आज कळतंय," ती म्हणाली. हसू दाबायला तिने भांड्यावर झाकण ठेवायच्या निमित्ताने तोंड फिरवलं. मग फोन उचलून लेकीला सगळं सांगितलं. लेकीने ते सासऱ्यांना सांगितलं.

इथे त्या सासऱ्यांविषयी, म्हणजे त्याच्या व्याह्यांविषयी, सांगायला हवं. व्याही पोस्टमन होते, नुकतेच निवृत्त झालेले. अंगावर मांस म्हणाल तर नावाला, आणि जीभ मात्र लखलखीत. लग्नात पंगत बसत असताना त्यांनी मोठ्याने सांगितलं होतं, "आमच्या व्याह्यांना दोन खुर्च्या लावा रे." मांडव हसला. तोही हसला, पण ते वाक्य त्याच्या मनात रुतून बसलं. तेव्हापासून दोघांत 'कसं काय' आणि 'बरं आहे' यापलीकडे गाडी गेली नव्हती. लेकीला दोन्हीकडे बाबाच म्हणावं लागे, म्हणून ती फोनवर 'आपले बाबा' आणि 'इकडचे बाबा' असा फरक करी. तो मात्र इकडच्या बाबांचं नाव निघालं की फोन बायकोच्या हातात देई.

तर रविवारी सकाळी दार वाजलं. उघडतो तर इकडचे बाबा. हातात सायकल. काळी, जाड नळीची, मागे भलंथोरलं कॅरिअर. नोकरी सोडताना त्यांनी टपालखात्याकडून तीच तेवढी मागून घेतली होती.

"चला," ते म्हणाले.

"कुठे?"

"घाऊक बाजाराच्या मागच्या आवारात. आज बाजार बंद असतो. चिटपाखरू नसतं तिथे. कोणी बघणार नाही."

बायको मागून म्हणाली, "अहो, जा ना. ते एवढे आलेत." त्याने तिच्याकडे असं पाहिलं, की हे सगळं तूच जमवून आणलंस. तिनेही नाकारलं नाही.

आवारात कांद्याच्या सालींचा आणि ओल्या गोणपाटाचा वास होता. व्याह्यांनी खिशातून पाना काढला आणि सायकलची दोन्ही पेडलं काढून बाजूला ठेवली. सीट पार खाली केली.

"हे काय? पेडलं नसली तर चालवू काय?"

"चालवायचं नाही. बसायचं, आणि पायांनी जमीन ढकलत पुढे जायचं. तोल आला की मग पेडलं."

"लहान पोरासारखं?"

"लहान पोरं पटकन शिकतात ती उगीच नाही."

त्याने सीटवर बूड टेकलं. सीटच्या स्प्रिंगांनी जो आवाज काढला, तो ऐकून तो ताठ झाला. आता येणार, त्याला वाटलं. आता विनोद येणार. त्याने हळूच मान वळवून पाहिलं, तर व्याही उकिडवे बसून टायरमधली हवा अंगठ्याने दाबून बघत होते.

"थोडी कमी आहे," एवढंच ते म्हणाले.

पहिल्या दिवशी तो आवाराच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बदकासारखा ढकलत गेला. दुसऱ्या रविवारी पाय मध्येमध्ये वर उचलता आले. तिसऱ्या रविवारी व्याह्यांनी पेडलं लावली, आणि तो बाजारवाल्यांच्या रिकाम्या टोपल्यांच्या उतरंडीत जाऊन पडला. पडला म्हणजे कसा, सावकाश, एखादी भिंत बसते तसा. टोपल्यांचा चुरा झाला. व्याही धावत आले.

"लागलं?"

"नाही. टोपल्यांना लागलं."

त्यावर दोघंही हसले. हसता हसता व्याही त्याच्याशेजारी जमिनीवरच बसले आणि पान्याशी चाळा करत म्हणाले, "त्या दिवशी लग्नात मी खुर्च्यांचं बोललो. बोलून गेलो, आणि तुमचा चेहरा बघितला. घरी जाऊन मंडळींच्या शिव्या खाल्ल्या. तेव्हापासून सांगीन सांगीन म्हणतोय. तुमच्यासमोर आलो की जीभ आखडते."

"तुमची?"

"माझीच."

बाहीवरची कांद्याची साल झटकून तो म्हणाला, "उठवा आता मला. एकट्याने व्हायचं नाही." व्याह्यांनी हात दिला, पाय रोवले, आणि बऱ्याच खटपटीनंतर दोघं उभे राहिले.

त्या दिवशी तो चार पेडलं मारून गेला. मग आठ, मग आवाराला पूर्ण फेरी. फेरी पुरी झाली तेव्हा त्याला हसू फुटलं. ते घरी पोचेपर्यंत मावळलं नाही.

रस्त्यावर आल्यावर खरी परीक्षा. एकतर सीट. पहिले काही दिवस तो बसमध्ये उशी घेऊन बसला आणि विचारणाऱ्याला पाठ धरलीये म्हणून सांगितलं. दुसरं, मागच्या चाकाच्या तारा. सतारीची तार तुटावी तशी एकेक तार टणकन तुटे. व्याही त्याला सायकलवालीकडे घेऊन गेले. तिचं दुकान जिन्याखाली होतं, हात कोपरापर्यंत काळे. तिने चाक फिरवून पाहिलं, मग त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. तो पुन्हा ताठ झाला.

"चूक चाकाची आहे," ती म्हणाली. "हे पत्रांसाठी बांधलंय. तुम्हाला सामानाच्या सायकलीचं चाक लावते, जाड तारांचं. हवा दर आठवड्याला भरायची, आणि खड्डा आला की बुडावर बसून राहायचं नाही, जरा उठायचं. ऐकलं का?"

"ऐकलं."

चूक चाकाची आहे, हे तिचं वाक्य त्याने घरी येऊन बायकोला दोनदा सांगितलं. मामेभावाच्या सायकलची आठवण त्यानंतर त्याला डाचली नाही.

आता व्याह्यांनी स्वतःसाठी मुलाची जुनी सायकल काढली आणि दोघं ड्यूटीच्या आधी सकाळी निघू लागले. पुढे तो, मागे ते. एका सकाळी तो डाव्या कडेने आपल्या नादात चालला होता, व्याही जरा मागे राहिले होते. मागून बस आली आणि त्याच्या कोपराला वारा लागेल इतकी जवळून गेली. आरशाची कड डोळ्यांपुढून सरकली. सायकल लटपटली, तो कुंपणाच्या झुडपात शिरला आणि तसाच उभा राहिला. त्याने बसचा नंबर वाचला. बस त्याच्याच डेपोची होती.

दुपारी कँटीनमध्ये तो त्या ड्रायव्हरसमोर जाऊन बसला. दोघांची जुनी दोस्ती.

"सकाळी सायकलवाल्याला घासून गेलास तू. तो मी होतो."

दोस्ताचा घास हातातच राहिला. "तू? सायकलवर? अरे, मला काय माहीत."

"मी नसतो, दुसरा कोणी असता, मग?"

दोस्त खाली बघत म्हणाला, "जागा होती रे. आणि तूही तसाच काढतोस की. तुझ्या मागे मी किती वेळा होतो."

तो वाद घालायच्या तयारीने आला होता. पण हे खरं होतं. वर त्या उंच सीटवरून सायकलवाला म्हणजे कडेला हलणारं काहीतरी, इतकंच दिसायचं. चहा गार झाला, तो तसाच पिऊन तो उठला. त्या दिवसापासून सायकल दिसली की तो मागे थांबू लागला. मागचे हॉर्न वाजवत, प्रवासी चुळबुळत. एक बाई म्हणाली, "ड्रायव्हरदादा, झोप लागली का?" तो म्हणाला, "नाही बाई, आत्ताच उघडलेत डोळे." काही दिवसांनी पाहिलं तर दोस्तही अंतर ठेवून जात होता.

वाटेतल्या पुलाचा चढ मात्र हार मानेना. रोज अर्ध्यावर त्याचा दम संपे, मग उतरून सायकल ढकलत वर जायचं. व्याहीही उतरत. त्याला ओशाळं व्हायचं.

"तुम्ही जा की चढून. तुम्हाला कुठे दम लागतो."

"एकट्याने खूप फिरलोय मी," व्याही म्हणाले. "दिवसभर लोकांच्या दारात, पण बोलायला कोण असतं? पत्र घेतलं की दार बंद. आणि आता तर कोणी वाटही बघत नाही. मला पाय ओढत चालायलाच बरं वाटतं."

मग एका सकाळी व्याही आलेच नाहीत. फोन लागेना. त्याने थोडा वेळ फाटकाशी वाट पाहिली आणि सरळ पुलापलीकडच्या त्यांच्या घराची वाट धरली. डोक्यात नाही नाही ते येत होतं. पूल कधी आला आणि कधी गेला, त्याचं त्याला भान नव्हतं. उतारावर वारा कानात शिरला तेव्हा लक्षात आलं की आपण उतरलोच नाही. विहीणबाईंनी दार उघडलं तर समोर लालबुंद, घामाने निथळणारा तो.

"अहो, काय झालं? बसा आधी," त्या घाबरून म्हणाल्या.

"ते... कुठे आहेत?"

"ताप आलाय जरा. झोपलेत. फोन चार्ज करायला विसरले."

आतून बसका आवाज आला. "कोण? व्याही? पूल कसा पार केलात?"

"चढून," तो म्हणाला, आणि खुर्चीत कोसळला. लेक आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. कोणाकडे आधी बघावं हे तिला कळेना. ताप आलेल्या बाबांकडे, की धापा टाकणाऱ्या.

सहा महिन्यांनी डॉक्टरीणबाईने पट्टा एकदाच बांधला. वजन उतरलं होतं, पण तिच्या तक्त्यातल्या आकड्याच्या आसपासही नव्हतं. तो जीव मुठीत धरून उभा. तिने कागद उलटसुलट केले.

"बारीक काही तुम्ही व्हायचे नाही," ती म्हणाली. "पण प्रेशर छान आहे आणि साखर मागे सरकलीये. गाडी चालवा. सायकल सोडलीत तर मात्र मला कळेल." तो बाहेर आला आणि पहिला फोन व्याह्यांना केला. बायकोला हे नंतर समजलं, आणि तिने त्याबद्दल दोन दिवस टोमणे मारले.

त्यानंतरच्या सुट्टीला दोघं शहराबाहेर, तळ्यापर्यंत गेले. येताना व्याह्यांच्या सायकलचं चाक पंक्चर झालं. त्याने विचारलं, "काढता येतं ना तुम्हाला?" व्याही म्हणाले, "आयुष्यभर खात्याचा माणूस काढायचा." दोघांनी चाकाकडे बघितलं, मग एकमेकांकडे. ऊन चढत होतं. तेवढ्यात गावाकडून एक बस आली. दुसऱ्या डेपोची, पण ड्रायव्हर ओळखीचा. बरंच अंतर ठेवून थांबला.

"डबलडेकर? या वर. सायकली टपावर टाकू."

त्याने व्याह्यांकडे पाहिलं. व्याह्यांनी टोपी नीट केली.

"जा तू," तो ड्रायव्हरला म्हणाला. "आम्ही येतो गप्पा मारत."

बस धूळ उडवत गेली. दोघं सायकली ढकलत निघाले. व्याह्यांनी एका घराची गोष्ट सुरू केली, जिथे एक म्हातारी रोज पत्राची चौकशी करायची आणि आलेलं पत्र मात्र कधी उघडायची नाही. गोष्ट लांबली, सावली बघून दोनदा बसणं झालं. त्या दुपारी सगळ्यांचं जेवण त्याच्याकडे होतं, पण घर गाठेपर्यंत जेवणाची वेळ टळून गेली होती. फाटकाशी लेक कमरेवर हात देऊन उभी, दोन्हीकडच्या आया तिच्या मागे.

"दोन दोन बाबा एकदम हरवतात म्हणजे काय?" ती म्हणाली. "फोन का नाही उचलला?"

दोघांनी एकदमच एकमेकांकडे बोट दाखवलं.