पंपवालीची उजळणी

आमच्या तरणतलावावर तिला सगळे पंपवालीच म्हणायचे. जिना उतरून तलावाच्या पोटात गेलं की पंपरूम लागते, तिथे तिचं राज्य. वाळूच्या उंच गाळण्या, क्लोरीनची निळी पिंपं आणि एक अखंड घरघर. बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं. मी वर तिकीट खिडकीवर बसते. जेवणाची सुट्टी आम्ही दोघी एकत्र घ्यायचो, म्हणून हे सगळं मला ठाऊक.

तिचं सकाळचं पहिलं काम म्हणजे जाळ्या उपसणं. पाणी पंपाकडे जातं ते जाळीतून, आणि लोकांच्या अंगावरून जे जे सुटतं ते तिथे अडकतं. केसांचं बुळबुळीत गुंतवळ, जखमांवरच्या भिजलेल्या पट्ट्या, तुटकी नखं. नवा माणूस या कामावर आठवडाभरसुद्धा टिकत नसे. ती मात्र हातमोजे चढवून, कपाळाला आठी न घालता, भाजी निवडावी तसं ते निवडून बादलीत टाकायची आणि मग हात धुऊन डबा उघडायची. मला वाटायचं, हिला कशाची किळसच येत नाही.

पाणी स्वच्छ करण्याचं शास्त्र शिकायचं, ही तिच्या मनातली जुनी गोष्ट. शाळेत विज्ञान बरं होतं, पण शाळा सुटली आणि लग्न झालं, मग सासूबाईंचं आजारपण, मग ही नोकरी. छत्तिसाव्या वर्षी तिने नोकरी करणाऱ्यांसाठीच्या पदवीला अर्ज केला आणि विद्यापीठाने तिला घेतलं. त्या दिवशी ती जिना चढून वर आली आणि खिडकीच्या काचेवर फोन धरून मला ते पत्र वाचायला लावलं. मागे रांग खोळंबली होती, पण मी वाचलं.

शाळा सुटून बरीच वर्षं झालेल्यांसाठी विद्यापीठाने सत्राआधी गणित-विज्ञानाच्या उजळणीचा कोर्स ठेवला होता. फोनवरच करायचा. शिक्षक नाही, वर्ग नाही, वेळापत्रक नाही. आपल्या सवडीने, आपल्या गतीने, असं पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिलेलं. धडा वाचायचा, उदाहरणं सोडवायची, जमली की धड्यापुढे हिरवी खूण उमटते. चुकलं की एक गोल चेहरा डोळे मिचकावत यायचा आणि म्हणायचा, अरेच्चा, पुन्हा एकदा बघूया का? त्या चेहऱ्याचा तिला भयंकर तिटकारा. म्हणायची, मी काय पाळण्यातली आहे का?

अपूर्णांकांपाशीच तिचं घोडं अडलं. पण ती हटली नाही. पोळीचा घास हातात तसाच ठेवून डाव्या हाताने कागदावर रेघोट्या मारत बसायची. जमलं की माझ्याकडे बघायची सुद्धा नाही, लगेच पुढचं गणित.

तिचा नवरा एका वाहतूक कंपनीत हिशेब बघतो. आकड्यांत माणूस पक्का. बाजारात दुकानदाराच्या आधी बेरीज करून मोकळा होतो, आणि ती बरोबर असते. ही घरी अभ्यासाला बसली की तो खांद्यावरून डोकवायचा. इतकं काय आहे त्यात, म्हणत तिच्या हातातली पेन्सिल काढून घ्यायचा आणि झरझर उत्तर लिहून टाकायचा. दोन-तीनदा असं झाल्यावर तिने त्याला नीट सांगितलं, की चुकलं तरी मला चुकू द्या. तो हसला आणि बाजूला झाला. तिला वाटलं, विषय संपला.

मग उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या. तलावावर ही झुंबड. त्यात एक गाळणी फुटली, वाळू थेट पाण्यात आली, आणि ती दिवसदिवस पंपरूममध्येच अडकली. कितीतरी दिवस कोर्स उघडायला तिला सवड झाली नाही. गर्दी ओसरल्यावर एका दुपारी तिने डब्याशेजारी फोन ठेवला, पान उघडलं आणि नुसती बघत राहिली.

सगळं हिरवं होतं. समीकरणं, घातांक, लॉगॅरिदम, एककं, रसायनातले मोल, गती आणि बल, शेवटच्या धड्यापर्यंत एकामागून एक हिरव्या खुणा. तळाशी वळणदार अक्षरांत तिचं नाव घातलेलं प्रमाणपत्र, आणि तो गोल चेहरा टाळ्या वाजवतोय.

मी म्हटलं, यंत्राची चूक असेल. तिने नकारार्थी मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर आधी एक सैलपणा आला होता, तो मी पाहिला. मग तो हळूहळू आखडत गेला. तिने डबा झाकला आणि ती खाली गेली.

संध्याकाळी ती घरी पोहोचली तर दारात चपलांचा ढीग. नणंद, नणंदेचे यजमान, सासूबाई नव्या साडीत. टेबलावर केक, त्यावर पिवळ्या क्रीमने शंभर टक्के पूर्ण असं लिहिलेलं. नवऱ्याने तिच्या खांद्यांवर हात ठेवून सगळ्यांना सांगितलं, की रोज ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत बसून त्याने अख्खा कोर्स हातावेगळा केला. पासवर्ड त्याला माहीतच होता, लग्नाची तारीख. हिला पत्तासुद्धा लागू दिला नाही. सासूबाईंचे डोळे पाणावले. नणंद म्हणाली, वहिनी, असा नवरा मिळायला नशीब लागतं. आणि केकचा मोठा तुकडा तिने हिच्या तोंडात कोंबला.

तो मऊ, गिळगिळीत गोळा जिभेवर आला. ती धावत मोरीपाशी गेली आणि सगळं ओकून टाकलं. बाहेर नणंदेचं खुसखुसणं. काही गोड बातमी आहे की काय?

तोंड पुसत ती बाहेर आली. नवरा अजून हसतच होता.

"हा कोर्स पास होण्यासाठी नव्हता," ती म्हणाली. "तो मला यायला हवा होता."

"अगं, नुसती उजळणी ती. त्याचे मार्क कोण धरतंय? तुझ्या डोक्यावरचं ओझं कमी केलं मी."

"स्वतः चावलेला घास तुम्ही माझ्या तोंडात घातलात. आणि तो बघायला चार माणसं बोलावलीत."

नणंदेच्या यजमानांनी बशी खाली ठेवली. शेवटी सासूबाई म्हणाल्या, की एवढं मायेने केलं पोराने, आणि त्याच्याशी ही भाषा? त्या घरात पुढे बरेच दिवस हेच एक वाक्य फिरत राहिलं. माणूस दारू पीत नाही, हात उगारत नाही, उलट बायकोचा अभ्याससुद्धा करून देतो, आणि हिला त्याची शिसारी येते.

शिसारीच येत होती. मला म्हणाली, त्याने भाजी वाढली तरी नको वाटते. मी म्हटलं, अगं, त्याचा हेतू तर वाईट नव्हता ना. ती म्हणाली, "त्या हिरव्या खुणा दिसल्या तेव्हा पहिल्यांदा मला बरं वाटलं होतं. सुटले, असं वाटलं. त्याच्यापेक्षा मला माझीच जास्त घाण वाटते."

तिने विद्यापीठाच्या मदत क्रमांकावर फोन केला. पलीकडच्या मुलीला काही उमजेना. कोर्स तर पूर्ण झालाय मॅडम, मग अडचण काय? पुसून पुन्हा सुरू करायची सोय नव्हती, तसं कधी कोणी मागितलंच नव्हतं. शेवटी हिने स्पष्ट सांगितलं, की तो मी केलेला नाही. तेव्हा मुलगी आवाज उतरवून म्हणाली, असं कुठे बोलू नका, बरेच जण करून घेतात, राहू द्या. फोन ठेवल्यावर पंपवाली माझ्याकडे बघून म्हणाली, जाळीत अडकलेलं निदान दिसतं तरी.

मार्ग एकच होता. पाहुणा म्हणून कोणालाही धडे उघडता येत. हिरव्या खुणा साठत नाहीत, प्रमाणपत्र मिळत नाही. तिने तो धरला आणि अर्धवट राहिलेल्या अपूर्णांकांपासून पुन्हा सुरुवात केली. पंपरूममध्ये गाळणीला पाठ टेकून बसायची. पासवर्ड बदलला. घरी पुस्तक उघडणं बंदच केलं.

लॉगॅरिदमच्या धड्याने तिला रडवलं. बरेच दिवस काही लागेना. मग एका दुपारी ती धापा टाकत वर आली. पुढ्यात रांग असतानाच मला सांगायला लागली, की पाण्याचा पीएच सातावरून आठावर गेला म्हणजे एका घराने सरकला असं नाही, त्यातलं आम्ल दहापटीने घटलं. सातावरून नवावर म्हणजे शंभरपटीने. मी तिकिटं फाडत हो हो म्हटलं. मला त्यातलं अर्धंच कळलं. पण तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, संताप होता.

"इतकी वर्षं मी पाण्यात बुडवलेल्या कागदी पट्टीचा रंग बघून पिंपाची तोटी फिरवतेय," ती म्हणाली. "आणि हा धडा माझ्या नावावर कधीच झालेला आहे. अठ्ठ्याण्णव मार्क."

सत्र सुरू झालं तेव्हा तिचे मोल आणि बलाचे धडे राहिलेलेच होते. पहिल्या दिवशी चाचणी होती, कच्च्या विद्यार्थ्यांना वेगळं काढण्यासाठी. ज्यांच्याकडे उजळणीचं प्रमाणपत्र होतं त्यांना माफी. कारकुनाने यादीत बघून तिला सांगितलं, तुम्ही सुटलात, थेट मुख्य वर्गात बसा. ती म्हणाली, ते प्रमाणपत्र माझं नाही. त्याने चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, काय बोलताय ते कळतंय ना? प्रवेश रद्द होऊ शकतो. ती तिथेच उभी राहिली. गणिताच्या बाईंना बोलावणं गेलं. वयस्क होत्या, थकलेल्या दिसत होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "कोणी केलं?" ती म्हणाली, घरच्यांनी. बाईंनी एक सुस्कारा सोडला आणि तिला पेपर दिला.

तिला निम्मेसुद्धा मार्क पडले नाहीत. जादा वर्गात टाकलं, कोवळ्या पोरापोरींच्या मध्ये. नवऱ्याला कळलं तेव्हा तो पहिल्यांदा चिडला. चारचौघांत मला चोर ठरवलंस, म्हणाला. मग बरेच दिवस अबोला. त्या अबोल्यात आपला अभ्यास बरा झाला, असं ती सांगते.

पहिलं वर्ष निघालं. रसायन दुसऱ्या खेपेला सुटलं. बाकी सगळं तिने एका दमात काढलं. तलावावर ती आता फक्त सकाळच्या पाळीला येते, दुपारी विद्यापीठाच्या वाचनालयात जाते. संसार चालू आहे. तो तिचं जेवण गरम करून ठेवतो, ती जेवते. तो चांगला माणूस आहे असं सगळे म्हणतात, तीही नाही म्हणत नाही.

परवा त्यांच्याकडे त्याचे साहेब चहाला आले होते. बोलता बोलता तो कौतुकाने म्हणाला, हिचं गणित मीच पक्कं करून घेतलं. ती कप घेऊन आत जात होती, ती थांबली.

"नाही," ती म्हणाली. "यांनी केलेलं मी टाकून दिलं. मी माझं केलं."

साहेब बिस्किटाकडे बघत राहिले. नवरा हसला आणि म्हणाला, हिला गंमत कळत नाही. तिने कप विसळले, पिशवी खांद्याला लावली आणि वाचनालयात गेली.