घरचा धडा

सखुबाई गमरे ही माझी थोरली नणंद. माझे यजमान कुशाबा तिला आक्का म्हणत, म्हणून मीही आक्काच म्हणे. डिलाईल रोडच्या चाळीतल्या एका खोलीत ती, तिचा मुलगा उत्तम आणि आम्ही दोघं नवराबायको राहत होतो. तिचा नवरा दत्ताराम छातीच्या आजारानं गेला, तेव्हा उत्तम रांगत होता. तेव्हापासून आक्का गिरणीत वाइंडिंगला, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यात. बाई कामाला वाघीण आणि तोंडानं फटकळ. माझ्या भाकरीला तिनं कधी बरं म्हटलं नाही, आणि मीही तिला उलट बोलायचं कधी बाकी ठेवलं नाही. पण तिच्याइतकं सरळ माणूस मी त्या अख्ख्या चाळीत पाहिलं नाही, हेही खरं.

छप्पन्न सालच्या जानेवारीत मुंबई पेटली. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे म्हणून रोज मोर्चे निघत आणि लालबाग-परळला गोळीबार होई. उत्तम तेव्हा बारा वर्षांचा. लालबागच्या नाक्यावर त्यानं ट्रामवर दगड मारला. मारलाच होता, उगाच कशाला झाकू? त्याच्याबरोबर मोठी माणसंही मारत होती. ती पळाली आणि हा सापडला. मोठ्या सत्याग्रहींना तुरुंगातून सुटल्यावर हार घातले गेले. आमच्या पोराला रिमांड होममध्ये टाकलं आणि कागदावर 'उनाड, घरचं लक्ष नाही' असं लिहिलं. दिवसभर गिरणीत उभ्या राहणाऱ्या विधवेला लक्ष नाही म्हणणाऱ्यांचं मला आजही तोंड बघावंसं वाटत नाही.

त्या होममध्ये रघुवीर नावाचे एक गुरुजी होते. माणूस चांगला, पण मऊ. होमच्या मोठ्या साहेबानं डोळे वटारले की गप्प बसणारा. त्यांनी एक नवी पद्धत काढली. रविवारी आईबापांनी नुसतं भेटून जायचं नाही, वर्गात मुलाशेजारी बसून शिकायचं. आणि शेवटी कुणा एका पालकानं उभं राहून 'घरचा धडा' द्यायचा. म्हणजे आपल्या घरची एक चांगली गोष्ट सांगायची, मुलांनी ती मोठ्यानं म्हणायची आणि आठवडाभर तशी वागायची. घर आणि शाळा एक झाल्याशिवाय ही मुलं सुधारणार नाहीत, असं गुरुजी म्हणत.

आक्का एकही रविवार चुकली नाही. आठवड्यातली एकुलती एक सुट्टी तिनं त्या वर्गात घातली. उत्तम बाहेर असताना दुसरीत शाळा सोडून हुंदडत होता. आत मात्र तो पोर अभ्यासाला लागला. तो आईला अक्षरं दाखवायचा आणि ती घरी येऊन चुलीसमोर कोळशानं गिरवायची. मी फरशी पुसायला लागले की अंगावर धावून यायची. "थांब गो, 'भ' पुसू नको, अजून बसला नाय हातात." मी चिडायची आणि मनातून मला बरं वाटायचं.

त्याच वर्षी डिसेंबरात बाबासाहेब गेले. आम्ही दादरच्या चौपाटीवर होतो. त्या गर्दीतलं रडणं मी लिहू शकत नाही. तिथंच पांढरी लुगडी नेसून आम्ही दीक्षा घेतली. परत आल्यावर आक्कानं घरातले टाक, देवीची परडी, तसबिरी, सगळं एका फडक्यात बांधलं आणि स्वतः जाऊन समुद्रात सोडलं. पिढ्यान् पिढ्यांचे देव होते. आता देवाला हात जोडायचे नाहीत आणि खोटं बोलायचं नाही, या दोन गोष्टी तिनं पदराला गाठ मारल्यासारख्या धरल्या.

पुढच्याच रविवारी घरचा धडा द्यायची पाळी तिची होती. इतर आया 'मोठ्यांना नमस्कार करा', 'हात धुऊन जेवा' असं सांगत. आक्का उभी राहिली आणि म्हणाली, "मी खोटं बोलनार नाय." सगळ्या मुलांनी म्हटलं. गुरुजींनी टाळ्या वाजवल्या. मग खाली बसून तिनं उत्तमच्या कानात सांगितलं, आपण आता बौद्ध झालो, घरात देव राहिले नाहीत, तूही कुणापुढं हात जोडू नकोस.

पोरानं धडा शब्दन् शब्द पाळला. होममध्ये रोज सकाळी गणपतीची प्रार्थना असे. सोमवारी सगळे हात जोडून उभे, आणि उत्तम हात सरळ सोडून. साहेबानं कारण विचारलं. त्यानं सांगितलं, "आमच्या घरात आता देव नाय." दोन छड्या खाल्ल्या तरी हात जोडले नाहीत. हे सगळं आत घडलं. आम्हाला त्याचा पत्ता नव्हता, आणि गुरुजींनी नेहमीप्रमाणे गप्प बसणं पसंत केलं.

सत्तावन्न सालच्या उन्हाळ्याआधी उत्तमला सोडायची गोष्ट निघाली. त्याआधी साहेब घर बघायला येणार होते. आक्कानं गुरुजींना विचारलं, साहेब काय काय बघतात? गुरुजी सहज बोलून गेले, "घर स्वच्छ हवं, शेजार बरा हवा. आणि घरात देवाधर्माचं वळण आहे का, हे साहेब हमखास बघतात."

आक्का घरी आली ती भिंतीला टेकून बसली. आमच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि बाबासाहेबांचा फोटो. दुसऱ्या दिवशी तिनं गिरणीत बकुळाला सांगितलं. बकुळा तिच्या शेजारच्या मशीनवरची, राहायला प्रभादेवीला, मालवणकडची. ती म्हणाली, "एवढाच ना? माझो गणपती ने एक दिवस. पोर घराक येवंदे, देव काय रागावणा नाय." आणि लुगड्यात गुंडाळून स्वतःच्या देव्हाऱ्यातली तसबीर तिनं आणून दिली. बकुळाला मी कधीच दोष देणार नाही. आपल्या देवाला दुसऱ्याच्या पोरासाठी घराबाहेर काढणारी बाई होती ती.

माझे यजमान मात्र उसळले. "आक्का, शपथ घेतलीस ना चौपाटीवर?"

आक्का म्हणाली, "शपथ मी घेतली. कोंडून त्याला ठेवलाय."

यजमान पायात चपला घालून निघून गेले. मी तसबीर खिळ्याला टांगायला तिला मदत केली आणि ते मी बरोबरच केलं, असं आजही म्हणते. बुद्धाची तसबीर आणि बाबासाहेबांचा फोटो ट्रंकेत ठेवताना तिनं डोळ्यांना पदर लावला, तेवढं एकदाच.

साहेब आले. रुमालानं खुर्ची पुसून बसले. भिंतीकडे बघून विचारलं, "हा गणपती कधीपासून आहे?" आक्कानं जन्मात पहिल्यांदा मान खाली घालून उत्तर दिलं, "पयल्यापासून." साहेब हसले आणि चहा न घेताच उठले. आम्हाला वाटलं, काम झालं. मी त्या दिवशी गूळ घालून शेवया केल्या.

रविवारी आक्का होममध्ये गेली तर गुरुजी तिची नजर चुकवत होते. शेवटी बोलले. साहेबांनी उत्तमला सोडायचं नाकारलं होतं. मुलगा पक्का खोटारडा आहे. घरात गणपती असताना देव नाही म्हणून सांगतो, प्रार्थना चुकवण्यासाठी घरच्यांवर ढकलतो. असा मुलगा सुधारला म्हणता येत नाही.

आक्का तशीच साहेबाच्या खोलीत शिरली. शिपाई आडवा आला, त्याला तिनं बाजूला सारलं. पुढचं सगळं तिनंच मला सांगितलं, पुन्हा पुन्हा सांगितलं.

"साहेब, पोरगा खरा हाय. खोटी मी. ती तसबीर मागून आनलेली."

साहेबानं चश्मा काढला. "म्हणजे आई खोटं बोलते. मग अशा घरात मी मुलाला कसा पाठवू?"

मुलगा खोटा ठरला तरी आत, आणि आई खोटी ठरली तरी मुलगाच आत. साहेबानं उत्तमला बोलावून घेतलं आणि आईसमोर विचारलं, खरं काय ते सांग. पोरानं आईकडं बघितलं. ती काष्ट्याचा सोगा हातात धरून गुन्हेगारासारखी उभी होती.

उत्तम म्हणाला, "मीच खोटा बोललो साहेब. घरात गणपती पयल्यापासून हाय. आई मला वाचवाया असा बोलते."

"नाय रे उत्तम," आक्का ओरडली. पण साहेबाला पाहिजे ते मिळालं होतं. गुन्हा कबूल करणारा मुलगा त्यांना फार आवडायचा. दुसऱ्या दिवसापासून उत्तम प्रार्थनेला पहिल्या रांगेत उभा राहू लागला आणि त्याचा आवाज सगळ्यांत मोठा निघू लागला.

दिवाळीच्या सुमाराला होमचा वार्षिक समारंभ झाला. आम्हालाही बोलावलं होतं. उत्तमनं हात जोडून प्रार्थना म्हटली. साहेबांनी भाषणात सांगितलं की घरानं साथ दिली की मूल कसं सुधारतं याचं हे उदाहरण आहे, आणि आक्काला स्टेजवर बोलावून हार घातला. लोकांनी टाळ्या पिटल्या. आक्का गळ्यात हार घेऊन मान खाली घालून उभी होती. मला उठून ओरडावंसं वाटत होतं. पण पोर त्याच संध्याकाळी घरी येणार होता, म्हणून मी ओठ चावून बसले.

उत्तम घरी आला. भांडायचा नाही, हुंदडायचा नाही. कुणी काही विचारलं की आधी समोरच्याचं तोंड वाचायचा आणि त्याला बरं वाटेल ते उत्तर द्यायचा. मी भाकरी करपवली तरी छान झालीय म्हणायचा. चाळीतल्या बायका म्हणत, किती गुणी झाला गो पोरगा.

पुढच्या वैशाखात चाळीत बुद्धपौर्णिमा होती. आमच्या खोलीत बुद्धाच्या तसबिरीपुढं मेणबत्त्या लावल्या आणि आक्का वंदनेला बसली. तिनं उत्तमला हाक मारली. तो लगेच आला, शेजारी मांडी घातली, हात जोडले, डोळे मिटले. मग एक डोळा उघडून दाराकडं बघत त्यानं हळूच विचारलं, "आये, कोन येनार हाय बघाया?"

आक्का म्हणाली, "कोन नाय येनार, बाबा."

"मग कशाला?" उत्तम म्हणाला. त्यानं हात सोडले, उठला आणि जिन्यानं खाली निघून गेला. आक्का मेणबत्तीसमोर तशीच बसून राहिली. वंदना मला पाठ नव्हती, तरी त्या दिवशी येईल तेवढी मीच म्हटली.