सकाळी पंप घेऊ नका

संस्थेच्या मॅडमने आईच्या तोंडावरचा वाफेचा मास्क धरला आणि हनुवटीखाली ओढला. फोटोवाल्याला चेहरा दिसत नव्हता.

आईला दम लागला होता. साधा नाही. छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता, गळ्याच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या होत्या. मशीन नुकतंच सुरू झालं होतं. औषधाची वाफ जेमतेम तिच्या आत जायला लागली होती, ती आता हवेत उडत होती. गोदामवाला शेठ तिच्या खुर्चीमागे उभा राहिला. तिच्या खांद्यावर हात ठेवला. मागे बॅनर, पुढे कॅमेरा.

"हसा, आजी," मॅडम म्हणाली.

माझी आई कुणाची आजी नाही. माझं अजून लग्न झालेलं नाही आणि मी तिची एकुलती एक. पण वस्तीतली बाई, केस पांढरे, पाठीला बाक. म्हणजे आजीच.

मी मास्क वर करायला हात घातला. मॅडमने माझं मनगट पकडलं. एकच फोटो, म्हणाली. तो झाला. मग शेठ म्हणाला, अजून एक घ्या, माझे डोळे मिटले असतील. अजून एक झाला. आई हसली. श्वास नसताना माणूस कसा हसतो ते मी पाहिलं आहे. ओठ मागे जातात, दात दिसतात. बस्स. मग शेठने खांद्यावरचा हात काढला, खिशातून सॅनिटायझरची बाटली काढली आणि दोन्ही तळवे चोळले. तिथेच, तिच्या डोक्यावर. त्याचे थेंब तिच्या केसांत पडले.

हे सगळं मी लक्षात ठेवलंय. मुद्दाम ठेवलंय.

आम्ही भिवंडीत टेमघरला राहतो. आई मूळची खारबावकडची. लहानपणी तिने मानकोलीला याच शेठच्या बापाच्या शेतात भात लावलाय. मजुरांना पाणी प्यायला देताना आमच्या लोकांच्या ओंजळीत वरून ओतायचे. आई हे सांगायची तेव्हा तिच्या आवाजात राग नसायचा. तवा असंच व्हतं, म्हणायची आणि भाकरी थापायची. मला त्या शांतपणाची चीड यायची. अजून येते.

लग्न होऊन ती भिवंडीत आली आणि कारखान्यात कांड्या भरायला लागली. लूमच्या धोट्यात सूत गुंडाळलेली नळी बसवतात, ती कांडी. दिवसभर सूत फिरतं, दिवसभर कापसाचा बारीक तूस उडतो. भुवयांवर, पदरावर, डब्यातल्या भातावर. उरलेला छातीत. बाप गेला तरी ती भरतच राहिली. मला दहावीपर्यंत तिनेच शिकवलं. पुढे दोन कांड्या भरल्या की तिला दम लागायचा, मग मालकाने दुसरी बाई ठेवली. दवाखान्यात डॉक्टरने पंप लिहून दिला, तोंडात धरून ओढायचा. तेव्हापासून पंप तिच्या कमरेच्या पिशवीत, पान-सुपारीच्या जागी.

मी मानकोलीला गोदामात पॅकिंग करते. करत होते. गोदाम शेठचं. त्याच्या बापाच्या भाताच्या जमिनीवर आता पत्र्याचे गाळे आहेत. म्हणजे आई त्या जमिनीवर वाकून राबली आणि मी उभी राहून. एवढीच आमची प्रगती.

तर ठाण्याच्या एका संस्थेने, शेठने आणि मुंबईच्या एका कंपनीने मिळून आमच्या वस्तीत श्वासाच्या आजाराचं केंद्र काढायचं ठरवलं. समाजमंदिराला लागून एक खोली आहे, ती घेतली. वाफेची दोन मशीन, औषधं, आठवड्यातून एकदा डॉक्टर. मी खोटं बोलणार नाही, आम्हाला आनंद झाला. आमच्या गल्लीत प्रत्येक घरात एक तरी छाती वाजते. बायकांनी खोली धुतली, दाराला तोरण लावलं. आईने तर मशीन आलं त्या दिवशी लांबून नमस्कार केला. पण मशीनला लाल फीत बांधलेली होती. उद्घाटन होईपर्यंत हात लावायचा नाही.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी संस्थेची मॅडम घरोघर फिरली. मी ड्युटीवर होते. जास्त दम कुणाला लागतो, तिने विचारलं. लोकांनी आईचं नाव सांगितलं. मॅडमने आईला सांगितलं, तुम्ही पहिल्या रांगेत बसायचं, आणि उद्या सकाळी पंप घेऊ नका. शेजारच्या शबानाबीला सांगितलं, खोकल्याचं औषध घेऊ नका.

आईला वाटलं, रक्त तपासायला उपाशीपोटी बोलावतात, तसंच हे असणार. डॉक्टरला छाती खरी कशी वाजते ते ऐकायचं असणार. औषध घेतलं तर तपासणी चुकायची. म्हणून तिने पंप कमरेच्या पिशवीतून काढून घरी फळीवर ठेवला. मोह नको म्हणून. आमची माणसं अशीच. शिकलेल्या माणसाने सांगितलं की त्याच्यामागे काहीतरी शास्त्र असणार, असं समजून जीव पणाला लावतात. मला तिने काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं तिला त्यात काही वाटलंच नाही.

उद्घाटनाच्या दिवशी मी सुट्टी घेतली होती. मांडवात पोहोचले तर आई पहिल्या रांगेत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, गुडघ्यांवर हात रोवून पुढे वाकलेली. मी पिशवी चाचपली. पंप नाही. घरी पळाले, पंप घेऊन आले, तिच्या तोंडाशी धरला. तिने तोंड फिरवलं.

"मॅडम बोलल्यात, आज न्हाय घ्यायचा," ती म्हणाली. एका श्वासात एवढंच. मग थांबून, "नाव काढतील."

तिला भीती होती की ऐकलं नाही तर केंद्रातून तिचं नाव कापतील. मला तेव्हा आईचा राग आला आणि पुढच्याच क्षणी समजलं की राग कुणाचा यायला हवा. मी मॅडमकडे गेले. हात जोडले. मशीन समोर आहे, वीज आहे, औषध आहे, माझ्या आईला आत्ता लावा, म्हटलं.

मॅडम फोनवर होती. शेठ मानकोलीला ट्रॅफिकमध्ये अडकला होता. तिने फोनवर हात ठेवला आणि अगदी गोड आवाजात मला समजावलं.

"फीत कापल्याशिवाय मशीन कसं लावणार? आणि थोडा दम दिसू दे ना. आधी आणि नंतर, फरक कळायला नको का लोकांना?"

फरक. माझ्या आईचा जीव म्हणजे त्यांना दाखवायचा फरक. मला तिथेच तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. दिली नाही, कारण मशीन तिच्या ताब्यात होतं.

शेठ आला. तुताऱ्या वाजल्या. पुष्पगुच्छ, नारळ, भाषण. भाषणात तो म्हणाला, या मातीचं ऋण आहे माझ्यावर. आईचे ओठ निळे पडायला लागले होते. फीत कापली, टाळ्या झाल्या, तेव्हा कुठे मास्क लागला. पुढचं मी सुरुवातीलाच सांगितलं.

थोड्याच दिवसांत मानकोली नाक्यावर फ्लेक्स लागला. भलामोठा. शेठ, आई, तिच्या हनुवटीखाली लोंबणारा मास्क. वर लिहिलेलं, श्वास परत मिळाला. मी रोज शेअर रिक्षाने त्याच्याखालून ड्युटीला जायचे. गोदामातल्या पोरी चिडवायच्या, तुझी आई हिरोईन झाली. त्यांच्या मनात वाईट नव्हतं. मी हसायचे आणि खोक्यांना टेप लावायचे. एकदा आईला दवाखान्यात नेताना रिक्षा तिथे सिग्नलला थांबली. तिने मान वर करून स्वतःकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं.

"पदर तरी नीट करू द्यायचा व्हता," ती म्हणाली.

त्या एका वाक्यानंतर माझ्यातलं काहीतरी तुटलं. मी रडले नाही. मी ठरवलं की या दोघांना हे परत करायचं. कसं ते माहीत नव्हतं.

केंद्र म्हणाल तर त्याला कुलूप असायचं. डॉक्टर एकदा आला, मग नाही. कुणाला दम लागला तर मॅडमला फोन करायचा, मॅडम ठाण्याहून चावी पाठवणार. पाहुणे यायचे असले की मात्र सकाळपासून दार सताड उघडं. चादर नवी, फुलदाणी नवी.

मग कळलं, मुंबईच्या कंपनीची माणसं बघायला येणार आहेत. पुढचा पैसा द्यायचा की नाही ते त्यांच्या हातात. गोदामात सुपरवायझरने मला बाजूला घेतलं. शेठने सांगितलंय, आईला घेऊन ये, नाहीतर दुसऱ्या दिवशी ड्युटीवर यायचं कारण नाही. संध्याकाळी मॅडम आमच्या दारात. चप्पल न काढता उंबऱ्यात उभी राहिली आणि म्हणाली, मागच्या वेळेसारखंच हं, सकाळी पंप घेऊ नका.

बरं, मी म्हटलं.

सकाळी मी पंप आईच्या तोंडाशी धरला. ती घेईना. नाव काढतील, मशीन नेतील, तुझी नोकरी जाईल. मी म्हटलं, जाऊ दे. तू आज घेतला नाहीस तर मी तुला आई म्हणणार नाही. कडू बोलले. पण तिने घेतला. मग मी तिला तेल लावून विंचरलं, लग्नाला नेसायची साडी नेसवली, पदर खांद्यावर पिनने पक्का केला.

ती केंद्रात जाऊन बसली तेव्हा तिचा श्वास सरळ चालत होता. पाहुणे समोर बसले होते, बाजूला शेठ. मॅडम आईजवळ वाकली आणि कुजबुजली, पंप घेतला का, सांगितलं होतं ना.

"मोठ्याने सांगा," मी म्हटलं. "पाहुण्यांना ऐकू द्या."

पाहुण्यांमधल्या एका बाईंनी विचारलं, काय सांगितलं होतं? मी उभी राहिले.  सगळं सांगितलं. पंप, फीत, फरक, मास्क, दोन फोटो. मॅडम हसून म्हणाली, यांचा गैरसमज झालाय. तेवढ्यात मागून शबानाबी उठली.

"हमको भी बोला था. खाँसी की दवा मत लेना, बोली."

मॅडमचं हसू गेलं. "तुम्हां लोकांसाठी कितीही करा, कमीच," ती म्हणाली. मला बरं वाटलं. आतलं बाहेर आलं होतं.

शेठ पाहुण्यांना म्हणाला, पोरगी माझ्याकडेच कामाला आहे, जरा तापट आहे. आणि तेव्हा माझी आई बोलली. जी कधी बोलली नव्हती ती.

"तिला कशाला इचारता? मला इचारा. दम माझा हाय."

पाहुणे तिच्याकडे वळले.

"मी मरत व्हते," आई म्हणाली. "आन् या बोलल्या, हसा."

पाहुणे चहा न घेता उठले. शेठची मान इतकी लाल झालेली मी पहिल्यांदा पाहिली. मला ते बघून सुख झालं. हो, सुख. दुसरा शब्द शोधत बसणार नाही.

दुसऱ्या दिवशी गोदामाच्या गेटवरच मला थांबवलं. नोकरी गेली. त्याच दिवशी दुपारी मशीन न्यायला टेम्पो आला. गल्लीतल्या बायका केंद्राच्या दारात बसल्या. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. शबानाबी तर नमाज तिथेच पढली. टेम्पो रिकामा गेला, आणि मॅडमच्या कुलपाच्या जागी आम्ही आमचं कुलूप लावलं.

मग शेठने केबिनमध्ये बोलावलं. मी तिथे आयुष्यात पहिल्यांदा गेले. बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. मायक्रोफोनवर बोलतो ती भाषा त्याने गुंडाळून ठेवली होती.

"तू आपल्या गावची पोर हायस. तुझ्या आयचा विलाज मी ठाण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात करतो. कॅमेऱ्यापुढं येवढंच बोल, गैरसमज झालता."

नोकरीही परत देणार होता, पॅकिंगची नाही, सुपरवायझरची मदतनीस म्हणून. खोटं कशाला सांगू, आईची छाती माझ्या डोळ्यांसमोर आली. मोठं हॉस्पिटल, एसी खोली, चांगला डॉक्टर. हे नाकारलं आणि तिला काही झालं तर? मी समोरचा चहा उचलून घोट घेतला. त्याला वाटलं, जमलं. त्याने सुपरवायझरला फोटोवाला बोलवायला सांगितलं. मी समोर बसलेली असताना. माझा होकारही तो धरूनच चालला होता.

"कॅमेऱ्यापुढे नाही बोलणार," मी म्हटलं. "पोलीस ठाण्यात बोलणार."

बोलले. आईने, शबानाबीने आणि आणखी दोघींनी सांगितलं ते लिहून दिलं. आजारी माणसाला मुद्दाम औषधापासून लांब ठेवलं, असं स्पष्ट लिहिलं. शेठचं नाव लिहिलं, मॅडमचं लिहिलं.

आता वस्तीतलेच काही मला समजावतात. एवढा सूड बरा नाही, म्हणतात. लोकांनी मदत केली, एका फोटोपायी केंद्र बंद पाडशील. आईही कधी कधी त्यांच्याच बाजूने बोलते, कारण औषध संपत आलंय आणि पुढचं कुठून आणायचं याची तिला काळजी आहे. मलाही आहे. दवाखान्यातल्या नर्सकडून मी मशीन चालवायला शिकतेय, औषधासाठी चार ठिकाणी फिरतेय. केंद्र चालेल. नाही चाललं तरी मी तक्रार मागे घेणार नाही. शेठ घरी येऊन आईच्या पाया पडला तरी नाही. मला त्याची माफी नको. मला त्याला जाब देताना बघायचंय.

मॅडम आता खाडीपलीकडच्या एका वस्तीत नवं केंद्र काढतेय, असं कळलंय. मी तिथे जाणार आहे. उद्घाटनाच्या आदल्या दिवशीच. घरोघर फिरून बायकांना सांगणार आहे की उद्या औषध घेतल्याशिवाय घराबाहेर पडू नका. मग मांडवात पहिल्या रांगेत जाऊन बसणार, आणि तिने मला तिथून उठवून दाखवावं.